आईची खाट आत हवी

बाळाला काचेत ठेवलंय हे कळलं की घरची माणसं दाराशी गोळा होतात आणि सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, ‘जगेल ना?’ बाप विचारतो, आजी विचारते, गावाकडून धावत आलेला मामा विचारतो. आई बहुतेक वेळा काहीच विचारत नाही. भिंतीला धरून उभी असते, टाके ओढत असतात, पदर ओला झालेला असतो, आणि इथे आपण नेमकं काय करायचं हे तिला कुणीच सांगितलेलं नसतं. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका सरकारी रुग्णालयाच्या नवजात शिशू विभागात, ज्याला आम्ही एसएनसीयू म्हणतो, परिचारिका म्हणून माझ्या नोकरीची बरीचशी वर्षं गेली. त्या नोकरीतून एक गोष्ट मला पक्की पटलेली आहे आणि ती मी प्रत्येक बैठकीत बोलते: आईची खाट बाळाच्या वॉर्मरला, म्हणजे त्याला ऊब देणाऱ्या यंत्राला, लागून हवी. बाहेरच्या बाकड्यावर बसून आईपण करता येत नाही.

महिनाभर आधी आलेली बाळं आठ-पंधरा दिवसांत आईच्या कुशीत जातात. मी लिहितेय ते त्यांच्याबद्दल नाही. अठ्ठाविसाव्या-तिसाव्या आठवड्यात जन्मलेलं, किलोभर वजनाचं बाळ दोन-दोन महिने वॉर्डात राहतं. फुप्फुसातले बारीक फुगे उघडे राहायला सरफॅक्टंटचा जो थर लागतो, तो पुरेसा तयार झालेला नसतो, म्हणून नाकाला सीपॅप, हवेच्या दाबाने ते फुगे उघडे ठेवणारं यंत्र. मेंदूतलं श्वासाचं केंद्र कच्चं असतं, म्हणून बाळ मधूनच श्वास घ्यायला विसरतं. मॉनिटर ओरडायला लागतो, आम्ही तळव्याला टिचकी मारतो, आणि छाती पुन्हा हलू लागते. त्यावर औषध म्हणून कॅफीन देतो, चहा-कॉफीत असतं तेच, पण थेंबाथेंबाने मोजून. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ चौतिसाव्या आठवड्याच्या आसपास बसतो, तोवर तोंडातून पोटात नळी. कातडीखाली चरबी नाही, त्यामुळे अंगाला स्वतःची ऊब नाही. एवढ्या वायरी आणि नळ्या पाहिल्या की आईला वाटतं, हे सगळं डॉक्टरांचं आणि सिस्टरांचं. आपण वाटेत येऊ नये. आणि ती मागे सरते. एकदा मागे सरलेल्या आईला पुढे आणायला फार दिवस लागतात.

‘सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही,’ असं आमच्याकडच्या म्हाताऱ्या अगदी छातीठोकपणे सांगतात. ते खोटं आहे. पोटात काढलेला एकेक आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो. पण आजीबाईंशी वाद घालण्यात मी वेळ घालवत नाही. सातव्या महिन्यातल्या बाळाच्या आईला त्या समजुतीने उगाच का होईना धीर येतो. आठव्यातल्या आईचं मात्र त्याच वाक्याने अवसान गळतं. तिला समजावणं हे आमचं काम, आणि ते औषधाच्या डोसाइतकंच वेळेवर व्हायला हवं.

ऊसतोडीचा हंगाम लागला की आमच्या वॉर्डाच्या दाराशी बीड-पाथर्डीकडची बोली ऐकू येते. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत सुटका नसते. दिवस बुडाला की खाडा: त्या दिवसाची मजुरी तर नाहीच, वर आणखी पैसे कापले जातात. पोटुशी बाई सातव्या महिन्यातही डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढते. मी जिच्याबद्दल सांगणार आहे ती अशीच फडातून आली, पाणी जाऊन, एकोणतिसाव्या आठवड्यात. मुलगी झाली. वजन एक हजार ऐंशी ग्रॅम.

दुसऱ्या दिवशी तिला आत घेतलं तेव्हा पहिली अडचण बांगड्यांची आली. वॉर्डात कोपरापर्यंत हात मोकळे लागतात. अंगठी नाही, दोरा नाही, बांगडी नाही. काचेच्या बांगडीखाली साबण पोचत नाही आणि जंतू तिथेच बसतो. सासू दारातच अडून बसली. बाळंतिणीने हात रिकामे करायचे म्हणजे काय? मी तिला म्हटलं, ‘मावशी, फोडायच्या नाहीत, नुसत्या उतरवायच्या. तुमच्याच पिशवीत ठेवा. घरी जाताना तुम्हीच तिला भरा.’ तरी ती तयार होईना. शेवटी सूनच नळापाशी गेली, साबणाचा फेस करून एकेक बांगडी काढली आणि सासूच्या ओच्यात टाकली. काही बोलली नाही. मग मी तिला हात धुण्याच्या पायऱ्या शिकवल्या: तळवे, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखं. उसाच्या पाचटाने बोटं चिरलेली होती, साबण झोंबत होता, पण तिने एकही पायरी गाळली नाही.

वॉर्मरपाशी आल्यावर तिने विचारलं, ‘ताई, लेकराला हात लावला तर चालंल का?’

हा प्रश्न मला दर वेळी लागतो. नऊ महिन्यांतले साडेसहा महिने जिने ते पोटात वाढवलं, ती परवानगी मागते, आणि मागते ती माझ्याकडे. मी तिला शिकवलं की कमी दिवसांच्या बाळाला कुरवाळायचं नसतं. त्याची त्वचा इतकी पातळ असते की हलक्या चोळण्याचाही त्याला त्रास होतो. एक हात डोक्यावर, एक हात पायांशी, दोन्ही स्थिर. पोटात असताना चारी बाजूंनी जशी भिंत असते तसं धरून राहायचं. तिने हात ठेवले. मॉनिटरवर सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, अठ्ठ्याऐंशीच्या आसपास खालीवर होत होतं, ते हळूहळू ब्याण्णववर येऊन थांबलं. दर वेळी असं होतं असं नाही. त्या दिवशी झालं, आणि तिने ते आकडे पाहिले. त्या क्षणापासून मॉनिटर तिचाही झाला.

मग दुधाचं काम. हे काम जगात दुसरं कुणी करू शकत नाही, हे मी आईला पहिल्याच दिवशी सांगते. बाळ चोखत नसेल तर पान्हा टिकवायचा एकच मार्ग: दर दोन-तीन तासांनी हाताने दूध काढायचं, रात्रीसुद्धा. पहिल्या दिवसांत चीक येतो तो इतका थोडा की वाटीच्या तळाशी पिवळा डाग दिसावा. तो आम्ही सिरिंजने टिपून बाळाच्या गालाच्या आत लावतो. एवढ्याने काय होणार, असं सगळ्यांना वाटतं. पण कमी दिवसांच्या बाळाची आतडी सुजून सडण्याचा जो भयंकर आजार असतो, त्याचा धोका आईच्या दुधाने स्पष्ट कमी होतो. वरच्या दुधाने तो वाढतो. दर दोन तासांनी एक मिली, दोन मिली, असं नळीतून सुरू होतं. सिरिंजचा दट्ट्या काढून नळी वर धरायची, दूध आपल्या वजनाने उतरू द्यायचं, दाबून ढकलायचं नाही. तिसऱ्या आठवड्यापर्यंत नळी धरायचं काम तिने स्वतःकडे घेतलं होतं. दूध खाली उतरताना ती हळू आवाजात बाळाशी बोलायची, कुठल्या फडात किती ऊस राहिलाय, बाप आज कुणाबरोबर गेलाय, असलं सगळं.

ज्यांच्या आईला दूध येत नाही, ज्यांची आई आयसीयूत आहे किंवा गेली आहे, त्या बाळांचं काय, हा प्रश्न मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी फार पूर्वीच हाती घेतला. १९८९ साली तिथे सुरू झालेली दूधपेढी ही आशियातली पहिली मानली जाते. एका आईचं जास्तीचं दूध तपासून, पाश्चराइज करून दुसरीच्या बाळाला. इतकी वर्षं झाली, तरी आमच्यासारख्या ठिकाणच्या बाळांना ती सोय सहज मिळत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मुलीच्या जन्माच्या पाचव्या दिवशी सासू पुन्हा दाराशी आली होती. पाचवी पुजायची होती. सटवाई रात्री येऊन कपाळावर लिहून जाते, तिच्यासाठी कोरा कागद आणि पेन ठेवायचं असतं. इथे ठेवू देता का? आमच्या नियमात असं काही बसत नाही. पण वॉर्मरवर ठेवलं नाही, बाहेर नोंदीच्या टेबलावर ठेवलं, तर कुणाचं काय बिघडतं? ठेवलं. ज्या घराने आपलं मूल पाच दिवस कुशीत घेतलेलं नाही, त्या घराला आपल्या रीतीने त्या मुलाला आपलं म्हणायचं असतं, आणि मला ते योग्य वाटतं.

नंतरचे दिवस सरळ गेले असते तर लिहायला फार काही उरलं नसतं. आधी वजन नऊशे साठवर उतरलं. अशा बाळांचं पहिल्या आठवड्यात उतरतंच, पण आईला ते सांगताना जड जातं. मग थोडं चढलं. आणि मग एके रात्री पोट फुगलं, नळीतून हिरवट पाणी आलं, बाळ निपचित पडलं. दूध बंद. सलाइन, प्रतिजैविकं, एक्स-रे, पुन्हा सीपॅप. डॉक्टरांनी बापाला बोलावून सगळं स्पष्ट सांगितलं. आईने ऐकलं आणि विचारलं, ‘मंग म्या आता दूध काढू का नको?’

मला वाटतं, लांबच्या मुक्कामातली सगळ्यात कठीण वेळ हीच. बाळाला एक थेंबही द्यायचा नाही आणि आईने मात्र दर तीन तासांनी बसायचं, काढायचं, तारीख-वेळ लिहून फ्रीजमध्ये ठेवायला द्यायचं. ज्या कामाला आज काही अर्थ दिसत नाही ते काम उद्यावर विश्वास ठेवून करायचं. कितीतरी आयांचं दूध या चार-आठ दिवसांत आटतं, आणि दोष आम्ही त्यांच्या जेवणाला, काळजीला, नशिबाला देतो. खरं म्हणजे त्या दिवसांत त्यांच्यापाशी बसायला कुणी नसतं. आमच्या रात्रपाळीच्या मावशी तिच्यापाशी बसल्या. दोन वाजता उठवायच्या, गरम पाणी द्यायच्या, पाठ शेकायच्या. मावशींच्या पगारपत्रकात या कामाचं नाव नाही. पोट उतरलं, दूध पुन्हा एक मिलीपासून सुरू झालं, आणि फ्रीजमध्ये ते होतं.

कांगारूची गोष्ट आता बऱ्याच लोकांना माहीत आहे. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांच्या रुग्णालयात इन्क्यूबेटर अपुरे होते, एकेका यंत्रात दोन-दोन बाळं ठेवावी लागत होती. तेव्हा त्यांनी बाळं आईच्या छातीशी बांधली. गरिबाचा उपाय म्हणून सुरू झालेली ही गोष्ट आज श्रीमंत देशांतही करतात. उघडं बाळ, डोक्याला टोपी, पायात मोजे, छातीवर उभं, मान एका बाजूला किंचित वर, आणि वरून कापडाने घट्ट बांधलेलं. आम्ही जुन्या लुगड्याच्या पट्ट्या धुऊन वापरतो. विकतच्या पट्ट्यांपेक्षा त्या मऊ असतात. ही मुलगी सावरल्यावर आईने तिला असं घेतलं ते तासाभराने खाली ठेवायलाच तयार होईना. बरोबरच आहे. तासाभराने काय होतं? दिवसातले आठ तास, शक्य तर त्याहून जास्त, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

बाप दर आठवड्याला यायचा, फडातून सरळ. बायको नाही म्हणून तो आता अर्धा कोयता झाला होता, कमाईही अर्धीच. आल्यावर दाराच्या काचेतून बघायचा आणि जायला निघायचा. एकदा मी त्याला आंघोळ करून यायला सांगितलं, सदरा काढून खुर्चीवर बसवलं आणि मुलगी त्याच्या छातीवर बांधली. हाताची काळी पडलेली बोटं त्याने हवेत तशीच धरून ठेवली, तिला लागतील म्हणून. ‘ठेवा हात पाठीवर, काही होत नाही,’ असं त्याच्या बायकोने सांगितलं, आणि ते सांगताना तिचा आवाज जाणत्या माणसाचा होता. महिन्यापूर्वी परवानगी मागणारी बाई आता नवऱ्याला शिकवत होती.

यावर कुणी म्हणेल, सिस्टर, हे भावनेचं झालं. वॉर्डात माणसं वाढली की संसर्ग वाढतो. हे मी वर्षानुवर्षं ऐकलं आहे, आणि पूर्वी त्याला माझ्याकडे अनुभवाखेरीज उत्तर नव्हतं. आता आहे. घाना, मलावी, नायजेरिया, टांझानिया आणि भारत अशा पाच देशांतल्या पाच रुग्णालयांत एक मोठा अभ्यास झाला. भारतातलं रुग्णालय म्हणजे दिल्लीचं सफदरजंग. एक किलो ते एक किलो आठशे ग्रॅमच्या आतल्या तीन हजारांहून जास्त बाळांचा हा अभ्यास. अर्ध्या बाळांना स्थिर होण्याची वाट न बघता जन्मानंतर लगेच कांगारू दिलं, आणि त्यासाठी अतिदक्षता विभागातच आयांच्या खाटा टाकल्या. दुसऱ्या गटात नेहमीची पद्धत. पहिल्या अठ्ठावीस दिवसांतले मृत्यू नेहमीच्या पद्धतीत शंभरात १५.७ होते, आई आत असलेल्या गटात १२. फायदा इतका उघड दिसला की अभ्यास मुदतीआधीच थांबवला. संसर्गाची शंका आलेली बाळंही आई आत असलेल्या गटात कमीच होती. हे २०२१ साली छापून आलं, आणि २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यानुसार आपली शिफारस बदलली.

आपल्या केंद्र सरकारनेही २०१७ साली आजारी नवजात बाळाच्या देखभालीत कुटुंबाला सहभागी करून घेण्याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. आई-बाप आणि आजीला हात धुण्यापासून नळीतून दूध देण्यापर्यंत काय काय शिकवायचं, ते त्यात आलेलं आहे. कागद चांगला आहे. अडतं ते साध्या गोष्टींवर. जननी शिशू सुरक्षा कार्यक्रम २०११ साली आला, त्यामुळे आजारी बाळाची औषधं, तपासण्या, रक्त, गाडी हे सरकारी रुग्णालयात मोफत झालं आणि कितीतरी घरं कर्जातून वाचली. पण त्यात आईच्या जेवणाची तरतूद साध्या बाळंतपणाला तीन दिवस आणि सिझेरियनला सात दिवस अशी लिहिली होती, कारण लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बाळंतीण होती. दोन महिने राहणाऱ्या बाळाची आई कुणाच्या डोळ्यांपुढे नव्हती. ती कागदोपत्री कधीच घरी गेलेली असते. तिला खाट नसते, जेवणाची चिठ्ठी नसते, आंघोळीला जागा नसते, आणि दर तीन तासांनी दूध मात्र हवं असतं. कुठे अधिकारी समजूतदार असला की सोय होते, कुठे एखादं मंडळ डबे पाठवतं. माणसाच्या चांगुलपणावर चाललेली सोय बदली झाली की संपते.

नोकरदार बायकांचीही गत फारशी वेगळी नाही. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा सव्वीस आठवड्यांची झाली, पण बाळ घरी येईपर्यंत त्यातले दोन महिने वॉर्डाच्या बाकड्यावर गेलेले असतात. कमी दिवसांच्या बाळंतपणामुळे आजारपण आलं तर आणखी एक महिन्याची पगारी रजा कायद्यात आहे. हे माहीत असलेली आई मला क्वचित भेटते, म्हणून मी ते आता सगळ्यांना सांगते. कोयत्यावरच्या बाईला मात्र यातलं काहीच लागू होत नाही.

आमच्याकडे खाटांसाठी जागा मागितली की परिचारिका किती कमी आहेत हे ऐकवलं जातं. परिचारिका कमी आहेतच, रात्रपाळीला तर हाल होतात. पण आई शिकली म्हणजे माझं काम कमी झालं असा हिशेब मी मांडणार नाही. ती माझी बिनपगारी मदतनीस नाही. आई शेजारी असली की बाळाचा रंग बदलला, श्वास थांबला, हातपाय गार पडले, हे आधी तिला कळतं. आठ बाळांवर नजर ठेवणाऱ्या माणसाला ते त्याच क्षणी कळणं शक्य नाही.

घरी सोडायची वेळ आली तेव्हा घर म्हणजे कोपी होती: वाढे आणि ताडपत्रीची, आतच चूल, बाहेर जानेवारीची थंडी. मुलीचं वजन सलग वाढत होतं, बोंडल्याने दूध घेत होती, मग अंगावरही ओढायला लागली होती. कागदावर सगळं बसत होतं. तरी आमच्या डॉक्टरांनी तिला एक किलो आठशेपर्यंत ठेवून घेतलं, आणि मला ते पटलं. या दिवसांत सासूलाही छातीवर घ्यायला शिकवलं, कारण आई चुलीशी गेली की ऊब द्यायला कुणी तरी हवं. चूल कोपीबाहेर न्यायचं बापाने कबूल केलं आणि नेलीही. कारखान्याजवळच्या गावातल्या आशाताईंच्या यादीत हे कुटुंब नव्हतं; ते दुसऱ्या जिल्ह्याचं. तरी त्या जाऊन वजन करून आल्या, काखेत हात घालून ऊब बघून आल्या.

एक काम अजून बाकी आहे. एवढ्या लहान बाळांच्या डोळ्यांच्या पडद्यावर वेड्यावाकड्या रक्तवाहिन्या वाढू शकतात, आणि वेळेत दिसल्या नाहीत तर दृष्टी कायमची जाते. पहिली तपासणी महिन्याच्या आत वॉर्डातच झाली. आजार पहिल्या पायरीवर होता, लेझर लागलं नाही. पण पडद्याची वाढ पूर्ण होईपर्यंत दर पंधरवड्याला तपासावं लागतं, आणि एक तारीखही चुकवून चालत नाही. आई तिला घेऊन ठरल्याप्रमाणे आली, बांगड्या भरलेल्या हातांनी. पायरी वाढलेली नव्हती. पुढची तारीख येईपर्यंत टोळी दुसऱ्या कारखान्यावर गेलेली असेल. तिथल्या जिल्हा रुग्णालयात डोळ्यांचे डॉक्टर कोणत्या वारी बघतात ते मी फोन करून विचारलं, कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, आणि मुकादमाचा नंबर आमच्या रजिस्टरमध्ये उतरवून घेतला. त्या वारी सकाळी मी त्याला फोन करणार आहे.